हसणं त्याच्या वाट्याचं

“‘एवढ्या चौकशा तं जावयानंबी नाई केल्या,’ असं म्हणे म्हातारा कंडक्टरले,” सोजराबाई म्हणाली आणि थांबली. मग आठवल्यासारखं तिनं जोडलं, “म्हणजे, एस्टीत बसला होता तो. पह्यल्यांदाच.”

कय्यूमभाई चहाचा कप हातात तसाच धरून तिच्याकडे पाहत राहिले. हसायचं कुठं, ते त्यांना कळेना. बांधाला बांध लागून त्यांचं शेत. लेकीच्या, आयशाच्या, लग्नाचं सांगायला ते आले होते. “शालिग्रामभाऊ, तुमी आले नाई तं मांडवात हसवन कोन?” असं अंगणात पाय ठेवताच ते म्हणाले होते. खाटेवर बसलेल्या शालिग्रामनं नुसती मान हलवली. कय्यूमभाई उठायच्या बेतात आले, तेव्हा सोजराबाईला राहवेना आणि नवऱ्याची ही गोष्ट तिच्या तोंडून निघून गेली.

वरवट बकाल गावात शालिग्रामची ही गोष्ट ठाऊक नाही, असं माणूस नव्हतं. गोष्टीतला म्हातारा सोजराबाईचाच बाप होता, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. शालिग्राम सासऱ्यासारखा वाकून, त्याच्यासारखाच घोगरा आवाज काढून सांगायचा. लोक पोट धरून हसायचे. सोजराबाई उठून आत जायची. पंधरा वर्षांत ती या गोष्टीवर एकदाही हसली नव्हती. मेलेल्या माणसाची थट्टा करायला या माणसाची जीभ कशी वळते, हे तिला उमजत नसे.

पण घर त्याच वाटणीवर चाललं होतं. हसणं त्याच्या वाट्याचं, काळजी तिच्या. पाऊस लांबला की ती आभाळाकडे बघत बसायची, तो पारावर जाऊन गोष्टी सांगायचा. दुबार पेरणी आली तेव्हाही त्यानं बियाण्याच्या पिशवीवरनं काहीतरी जोडून सांगितलं होतं. त्याला कशाचंच काही वाटत नाही, अशी तिची खात्री झाली होती.

यंदा बीटीच्या कपाशीत गुलाबी अळी पडली. दिवाळीच्या सुमाराला शालिग्रामनं झाडाचं हिरवं बोंड तोडलं, नखानं फोडलं, आत पाहिलं. दुसरं फोडलं. मग तिसरं. तिथून तो घरी आला तो मुकाच. दोन महिने झाले होते. सोजराबाईनं फवारणीच्या औषधाचे डबे शेजारणीच्या घरी नेऊन ठेवले. तो शेतात निघाला की काही ना काही काम काढून तीही मागोमाग निघायची. विचारायची, समजवायची, रागवायची. त्याच्या तोंडून शब्द निघत नव्हता.

“असं नाई ते.”

सोजराबाईनं वळून पाहिलं. शालिग्रामचा आवाज खरखरीत झाला होता.

“शेवट पह्यलेच सांगून टाकला तं मांगं राह्यलं काय?” तो कय्यूमभाईंकडे वळला. “म्हातारा देऊळघाट गावात एस्टीत बसला. कंडक्टर इचारते, ‘बाबा, कुठी जाचं?’ म्हातारा म्हणते, ‘पोरीच्या घरी.’ ‘पोरीचं घर कुठी?’ ‘जावयाच्या गावी.’ ‘जावयाचं गाव कोणतं?’ आता म्हातारा भडकला.” तो थांबला. त्याची पाठ आपोआप वाकली, हातात नसलेली काठी उगारली गेली. “‘कोन बे तू? एवढ्या चौकशा तं जावयानं, पोरगी पाहाले आला तवाबी नाई केल्या!’”

कय्यूमभाई असे हसले की चहा सदऱ्यावर सांडला. कितव्यांदा तरी ऐकलेली गोष्ट होती, तरी त्यांना आवरेना. डोळे पुसत ते उठले, शालिग्रामच्या खांद्यावर हात ठेवून “लग्नाले येजा, भाऊ” म्हणाले आणि गेले.

शालिग्राम आपल्या हातांकडे बघत होता.

“मले भेव वाटते, सोजरा,” तो म्हणाला. “डोये मिटले का बोंडंच दिसतात.”

सोजराबाईच्या ओठांवर दहा उपाय आले. डॉक्टर, अंगारा, भावाकडे चार दिवस. ते तिनं गिळले आणि खाटेवर त्याच्या शेजारी टेकली.

“तुमालेबी भेव वाटते?” ती म्हणाली. “मले वाटे, तुमाले कशाचंच काई नाई.”

“भेव वाटे म्हणूनच तं गोष्टी जोडो मी. दुसरं येते काय मले?” तो म्हणाला. “तुया बाप गेला तवा तू महिनाभर तोंड उघडलं नाई. जेवेना, रडेना. मले वाटलं, तूबी जाते आता. काय करावं समजे ना. तो म्हातारा कवा एस्टीत बसला होता बरं? मीच गोष्टीत बसवला त्याले. म्हटलं, पोरीच्या घरी याले निंघाला म्हणून सांगावं, तं हसन तू.”

सोजराबाई त्याच्याकडे वळली. “मंग हे मले सांगाचं नाई का?”

“हसली असती तं सांगतलं असतं.”

तिनं पदर सावरला आणि पाय वर घेऊन नीट मांडी घातली.

“आता सांगा,” ती म्हणाली. “पह्यले भेवाचं. हसाचं मंग.”