नर्सविरुद्ध तक्रार

१९६१ साली दारव्ह्याकडच्या एका दवाखान्यात वीस खाटा होत्या आणि नर्स एकटा रूपसिंग. दुसरा नर्स द्या म्हणून त्यानं यवतमाळला चार अर्ज धाडले. उत्तर नाही. शेवटी त्यालाच मुदतीचा ताप भरला आणि डॉक्टरांनी त्याला खाट नंबर सातवर भरती केलं.

पडल्या पडल्या त्यानं पेशंटांची तक्रारवही मागवली आणि लिहिलं, 'इथला नर्स दिवसभर झोपून राह्यते. दुसरा द्यावा. खाट नंबर सात.'

तक्रार यवतमाळला पोचली आणि आठवड्यात नवा नर्स घेऊन तिथले साहेब हजर.

"कुठं आहे तो झोपाळू नर्स?"

"मीच, साहेब."

"आणि तक्रार करणारा?"

"तोबी मीच."

"नर्सवर कारवाई करावी लागेल!"

नव्या नर्सनं तेवढ्यात लावलेलं थर्मामीटर तोंडातून काढून रूपसिंग म्हणाला, "जाऊ द्या ना, साहेब. खाट नंबर सातनं त्याले माफ केलं."