विरलेले वळ

जाफराबादजवळच्या गायरानावरची भिल्ल वस्ती पोलिसांच्या सशस्त्र तुकडीने मोडली, त्यानंतर वीस दिवसांनी आमच्या सत्यशोधन समितीला आत सोडलं. वस्तीतल्या मैनाबाईने पाठ दाखवली. लाठ्यांचे वळ विरून गेले होते. “फोटोत काहीच दिसणार नाही,” मी म्हणाले. “मंग उद्या कोर्टाला काय दाखवायचं? मालक कोठडीत हायेत. पोलीस म्हणतेत, मालकांनीच जवानाला मारलं.” तिने ताडपत्रीखालची काठी माझ्यापुढे धरली. “मारा, ताई. बराबर इथंच मारल्तं.” “अहो, तो खोटा पुरावा होईल.” “मार खोटा व्हता का?” मी काठी घेतली नाही. तिने ती शेजारी उभ्या जावेला दिली. जाऊ रडायला लागली. “रडती काय, मार जल्दी! ताईची गाडी निघून जाईल.” फटका बसला. मी जावेचा हात धरला आणि मागे पाहिलं. आणखी सहा बाया पाठी उघड्या करून रांगेत उभ्या होत्या.