जाऊ नये अशी वाट

दिघ्यांची साताऱ्याहून कोराडीच्या वीजकेंद्रात बदली झाली, पण सायकलवरून डोंगरवाटा तुडवायची खोड काही सुटली नाही. "इथं दगडधोंड्यांची वाट कुठं आहे हो?" म्हणून विचारावं, तर जो तो आपुलकीनं डांबरी सडक दाखवी. शेवटी त्यांनी गावातल्या धोंडबाला उलटंच विचारलं, "सायकलनं कुठून अजिबात जाऊ नये?"

"टेकडीमागून नका जाऊ, साहेब. हाडं खिळखिळी होऊन जातीन."

दिघे त्याच संध्याकाळी तिकडे पळाले. मग रोज गुडघे फोडून घ्यायचे आणि शीळ घालत घरी यायचे.

एका रविवारी पाहतात तर टेकडीमागे अर्धा गाव घमेली-फावडी घेऊन उभा. दगड वेचलेले, खड्ड्यांत वीजकेंद्रातली राख भरलेली, वाट तळहातासारखी सपाट.

"तुम्ही रोजचे आपटून राहिले, साहेब. आमच्यानं पाहवलं नाही," धोंडबा म्हणाला.

दिघे सगळ्यांसमोर घंटी वाजवत टोकापर्यंत जाऊन आले. मग हळूच म्हणाले, "धोंडबा, आणखी कुठून जाऊ नये?"

"नाल्यापल्याडून." धोंडबानं फावडं खांद्यावर टाकलं. "पण तुम्ही फिकर नका करू. पुढच्या इतवारी तेही करून टाकतो."