तेरावा भाग

डोळ्यांवरची पट्टी सुटायला चार दिवस होते, आणि तिने वर्षभर वाट पाहिलेला जपानी मांगा चित्रकथेचा तेरावा भाग नेमका आजच आला. "तुझी ती कार्टुनं" म्हणून कायम नाक मुरडणारे बाबा आपणहून खुर्ची ओढून वाचायला बसले.

"अगं, हा पांढऱ्या केसांचा पोरगा सुरुवातीलाच गेला की. सगळे रडतायत."

दोन तासांनी त्यांचा घसा बसला. "शेवटी हसतोय बघ दोस्तांबरोबर. उगाच माझा जीव टांगणीला लागला होता."

"पुढचा भागही तुम्हीच वाचा, बाबा."

मांगा उजवीकडून उघडतात, बाबांनी शेवटाकडून सुरुवात केलीय, हे सांगायला तिने पहिल्याच पानाला तोंड उघडलं होतं. पण त्या पोरासाठी बाबांचा आवाज कापला, आणि तिने ते मिटून घेतलं.