बिशपसाहेबांचं मोठं मन

मंत्रीबाईंनी गर्भपाताला परवानगी देणाऱ्या कायद्यासाठी आपल्या शिंपिणीला भर सभेत माइकपुढे उभं केलं. "घाबरतेस कशाला? तुझ्यावर काय बेतलं ते मोकळेपणाने सांग!" शिंपिणीने रडत रडत स्वतःचा गर्भपात जगजाहीर केला आणि कायदा झाला.

असल्या पुढाऱ्यांना चर्चमधली प्रसादाची पवित्र भाकर देणार नाही, असं बिशपसाहेबांनी ठणकावलं होतं. पण रविवारी चर्चमध्ये मंत्रीबाई समोर येताच माहेरवाशीण आल्यासारखे ते खुलले आणि भाकर देऊन मोकळे झाले. मागोमाग शिंपिणीने ओंजळ पुढे केली, तर त्यांनी भाकरीचं भांडं झाकलं. "तुला नाही. तुझं पाप सगळ्या जगाने ऐकलंय."

"बाई, तुम्ही तरी सांगा ना यांना," शिंपीण रडवेली झाली.



"आज तोंड उघडू नकोस हं," मंत्रीबाई कुजबुजल्या, "कॅमेरे चालू आहेत."