भाजलेलं खोबरं

पिंजऱ्यातलं भजं आजही फक्त वरच्या बाजूनं कुरतडलेलं होतं. आकडी जराही हलली नव्हती.

"प्रयोगशाळेत नोकरी करायची म्हणतेस आणि घरातला उंदीर सापडेना?" सासूबाई हसल्या. "आधी हा पकड, मग बघू."

वर्षभर मी त्यांच्या होकारासाठी थांबले होते. मऊ भजं ओढावं लागत नाही, म्हणून दार पडत नव्हतं. मी खोबरं खमंग वास सुटेपर्यंत भाजलं आणि दोऱ्यानं आकडीला घट्ट बांधलं.

पहाटे खाडकन दार पडलं. सासूबाई धावत आल्या. "बघ वनजा, शिक्षण घरातच कामी आलं! आता नोकरीचं खूळ सोड."

पिंजरा मी त्यांच्या हातात दिला. "उंदीर लांब सोडून या, आई. मी सोमवारपासून नोकरीवर जातेय."