तीन ठोके

रोज सकाळी सातला माझ्या छतावर तीन ठोके पडायचे. निवृत्त, एकट्या माणसाने सातला उठून करायचं काय? एकदा तणतणत वर गेलो.

सामंतबाईंनी काठी टेकत दार उघडलं. "आमचा चिकू पार बहिरा झालाय हो. काठी आपटली की फरशीतून कळतं त्याला, खायला वाढलंय म्हणून."

"मग जवळ जाऊन उठवा की!"

"गुडघे कुठे चालतात?"

तेवढ्यात तो म्हातारा कुत्रा लंगडत आला आणि त्यांना टेकून उभा राहिला. दोघांचे मिळून सहा पाय, धड एकही नव्हता. मी गुपचूप खाली आलो.

काल दुपारी चिकू गेला. त्याला चादरीत गुंडाळून नेत होते, तेव्हा मी जिन्यात बाजूला झालो.

आज सातच्या आधीच मला जाग आली. छत आता गप्प राहणार, हे माहीत असून कान तिकडेच लागले होते.

तीन ठोके पडले.

वर गेलो. बाई दूध-पोळीची ताटली घेऊन उभ्या होत्या. "सवयीने आपटली हो काठी," त्या ओशाळून म्हणाल्या. "आता कोण येणार होतं?"

"मला ऐकू आलं," मी म्हणालो. "म्हणून आलो."